पायमोज्यातली कुसळं

दिवाळी झाली की सोमवारी सकाळी माझ्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक येतं ते मोजे घेऊन. ब्लाऊज नाही, पँटची चेन नाही, पडद्याचं माप नाही. मोजे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, दोन बोटांत लांब धरलेले, जणू आत मेलेला उंदीर आहे. "ताई, हे काढून द्याल का? मशीनमध्ये दोनदा धुतले, तरी निघत नाहीत."

मशीनमध्ये धुतल्यावर तर मुळीच निघणार नाहीत. का ते पुढे सांगते.

माझं अल्टरेशनचं दुकान नवी मुंबईत खारघरला आहे. दुकान कसलं, बिल्डिंगच्या जिन्याखालचा आठ बाय सहाचा गाळा. एक शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून डोंगराची एक पट्टी दिसते. पावसाळ्यात ती हिरवी असते, दिवाळीत तांबूस होते आणि मार्चमध्ये बहुतेक वर्षी काळी. रविवारी पहाटे निम्मं खारघर त्या डोंगरावर जातं. चाफेवाडी-फणसवाडीच्या रस्त्याने कोणी पळतं, कोणी सायकल मारतं, कोणी नुसतंच डबा खायला जातं. रस्त्याने जातात तोवर ठीक. फोटो काढायला एकदा का गवतात उतरले, की ते माझे गिऱ्हाईक झाले.

मोज्याच्या जोडीचे तीस रुपये घेते, ट्रॅक पँटचे पन्नास. बुटाच्या नाड्या फुकट. एकाने मला विचारलं होतं, एवढ्याशा कामाचे तीस रुपये? त्याला म्हटलं, बसा त्या स्टुलावर आणि काढा तुम्हीच, सुई मी देते. पंधरा मिनिटांनी त्याने चाळीस ठेवले.

कुसळ ओढून निघत नाही, ही यातली पहिली गोष्ट. त्याच्या बुडाला सुईसारखी अणी असते. अणीच्या मागे तांबूस, ताठ केस, सगळे मागच्या बाजूला वळलेले. आत शिरताना ते मिटतात, बाहेर ओढलं की पसरतात. माशाच्या गळाला काटा असतो, तसंच. लोक शेपटी धरून ओढतात, शेपटी तुटून हातात येते आणि अणी राहते आत. मग ते म्हणतात निघालं, आणि बूट घातला की कळतं. मी मोजा उलटा करते आणि ते ज्या दिशेने निघालंय त्याच दिशेने पुढे ढकलून पलीकडून काढते. सुती मोज्यातून सरळ निघतं. लोकरीच्या मोज्यात जीव जातो. जीन्समध्ये शिरतच नाही, वर लटकून राहतं. आणि ते जे चकचकीत, ताणणाऱ्या कापडाचे महागडे व्यायामाचे कपडे असतात ना, त्यांच्यात लोण्यात सुरी जावी तसं जातं.

शब्दाचं जरा सांगते, कारण गिऱ्हाइकं सगळ्यालाच कुसळ म्हणतात. कुसळ म्हणजे दाण्याच्या टोकाचा तो लांब केस. गव्हालाही असतो, भाताच्या काही जातींनाही असतो. पण या गवताचं कुसळ इतकं नावाजलेलं, की गवतालाच कुसळी म्हणतात. धाकटी लेक माझी बॉटनी घेऊन बी.एस्सी. करते, तिने शास्त्रीय नाव सांगितलं: हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. कॉन्टॉर्टस म्हणजे पिळलेलं. ते नाव मला पटलं. दोऱ्याला पीळ असतो म्हणून दोरा दोरा असतो, नाहीतर नुसता कापूस. या कुसळाचंही सगळं काम पिळावर चालतं.

हे मी दुकानात बसून पाहिलेलं आहे. मागच्या वर्षी पावसामुळे दुकान रिकामं होतं. पिनकुशनमध्ये एक जुनं कुसळ खोचलेलं होतं, अणी खाली, शेपटी वर. शेपटी बोटभर लांब, काळपट, खालच्या अर्ध्या भागाला घट्ट पीळ आणि मध्ये कोपरासारखी वाकलेली. इस्त्रीचं पाणी शिंपडताना एक थेंब तिच्यावर पडला आणि ती हलायला लागली. मला वाटलं पंख्याचा वारा. पंखा बंद केला. तरी ती आपली फिरतेय, घड्याळाच्या काट्यासारखी पण डोळ्याला दिसेल इतकी भरभर. मोजले, तीन पूर्ण फेरे आणि वर थोडा. मग थांबली. वाळायला लागली तशी उलट्या दिशेने फिरत परत पीळ भरत गेली. त्या दुपारी मी एक काज केलं नाही, नुसते थेंब टाकत बसले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने येऊन विचारलं, "मावशी, बरं वाटतंय ना?"

डोंगरावर हेच रोज घडतं. दाणा जमिनीवर पडतो, शेपटीचं वाकलेलं टोक शेजारच्या काडीला अडतं. टोक अडलं की फिरायचं कोणी? बुडाने. रात्री दवाने पीळ सुटतो, दिवसा उन्हाने पीळ भरतो, आणि दर वेळी अणी थोडी खाली जाते. वर यायचं म्हटलं तर ते मागे वळलेले केस येऊ देत नाहीत. अशा रीतीने बी स्वतःला जमिनीत टोचून घेतं. पेरायला कोणी नको, नांगर नको. आता मशीनचं लक्षात आलं असेल. मोजा भिजवला, वाळवला, परत भिजवला, परत वाळवला, म्हणजे कुसळाला जे हवं होतं तेच आपण साबण घालून केलं.

धाकटी म्हणाली की सतराव्या शतकात रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने रानटी ओटच्या अशाच कुसळावर हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र केलं होतं. मला काही नवल वाटलं नाही. थेंब पडल्यावर माझ्यासारखा तोही काम टाकून बघत बसला असणार, फक्त त्याने लिहून ठेवलं.

माझं माहेर बारामती तालुक्यात, सुप्याच्या अलीकडे. बारामती म्हटलं की लोकांना ऊस आठवतो. तो कॅनॉलचा भाग. आमचा जिरायती. वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही त्याच्या मनात आलं तर. मी जन्मले १९७३ साली, बहात्तरच्या दुष्काळाचं शेपूट धरून. आई सांगायची, मी पोटात असताना ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि घरात सुकडी शिजत होती. दावणीला एक गाय उरली होती. माळावर काडी नव्हती, गुरांनी मुळापर्यंत खरडून खाल्लेलं. आणि मग पाऊस झाला, तेव्हा कोणी पेरायच्या आधी माळ हिरवा झाला. "कुठनं आलं गं ते गवत?" असं आई दर वेळी मलाच विचारायची, जणू मी तिथे होते.

ठोंबातून, म्हणजे गवताच्या जुन्या झुबक्याच्या बुडातून आलं, आणि टोचून घेतलेल्या बियांतून. कुसळी दरवर्षी मरून नव्याने उगवणारं गवत नाही. वरच्या काड्या वाळतात, तांब्यासारख्या होतात, ठोंबाचं बूड जमिनीलगत जिवंत राहतं. खाली बारीक मुळ्यांचं जाळं असतं, मुरमाची एवढीशी माती असली तरी ती धरून बसणारं. पाणी वापरायची तिची रीतही काटकसरीची. ज्वारी, बाजरी, ऊस, मका ही सगळी तिची भावकी. यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड गोळा करून एका जागी दाट करायची सोय असते, त्यामुळे पानावरची छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी कमी उडतं. घराची खिडकी किलकिली ठेवूनही ज्यांचं भागतं, अशांपैकी ही.

खारघरला आले तेव्हा डोंगरावर कुसळी बघून मी चक्रावले होते. इथे अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माझ्या माहेरचा पाच वर्षांचा पाऊस इथे चार महिन्यांत. पांडवकड्याचा धबधबा बघा जुलैमध्ये. असल्या ओल्या मुलखात दुष्काळी गवताचं काय काम? दोन उन्हाळे काढल्यावर कळलं. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत इथेही थेंब नसतो. डोंगर काळ्या कातळाचा, त्यावर वितभर माती, उतार असा की पडलेलं पाणी दुपारपर्यंत खाडीला पोचतं. पाऊस कितीही पडो, त्या उतारावरचं मूळ आठ महिने दुष्काळातच असतं. कोकणातल्या माणसाला हे सांगितलं तर पटत नाही. कुसळीला माहीत आहे.

आता पाखरांचं आणि जनावरांचं. खरं तर हे लिहायचं म्हणूनच बसले, मोज्यांनी निम्मं पान खाल्लं.

सुप्याच्या माळाला आम्ही लहानपणी फॉरेस्ट म्हणायचो, आणि पाहुणे हसायचे, कारण झाड म्हणावं असं तिथे फार काही नव्हतं. गवत, मध्ये बोरी-बाभळी. पण त्या गवतात चिंकारा असायचा. वाळलेल्या कुसळीचा रंग आणि चिंकाऱ्याच्या पाठीचा रंग एकाच ताग्यातला. उभा असला तर दिसत नाही, कान हलला तर दिसतो. शेळ्या राखताना मी कितीदा तरी वीस पावलांवर जाऊन मग थबकलेली आहे. माझं लग्न झालं १९९५ साली आणि दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, त्या माळाचं मयूरेश्वर अभयारण्य झालं, साधारण पाच चौरस किलोमीटरचं. माहेरी गेले की भाऊ म्हणतो, आता तिकीट काढून बघ तुझी हरणं.

थंडीत भोवत्या यायचे. मध्य आशियातून येणारे हे शिकारी पक्षी, गवताच्या शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून उडत टोळ-नाकतोडे शोधतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर झोपतात. झाडावर न बसणारा शिकारी पक्षी! त्याला वडाचं झाड देऊन काय उपयोग? नावंच बघा ना आपल्याकडची: माळढोक, तणमोर. माळावरचा ढोक, तणातला मोर. ज्याने ही नावं ठेवली त्याला ते पाखरू राहतं कुठे हे सांगायचंच होतं. माळढोक मी काही पाहिला नाही. आजोबा पाहिल्याचं सांगायचे.

खारघरच्या डोंगरावर चिंकारा नाही, भोवत्याही मला दिसलेला नाही. पण रिकामा नाहीये तो डोंगर. माझा दिवस तिथे जायचा म्हणजे मंगळवार, दुकान अर्धा दिवस बंद. तुरेवाला मलबारी चंडोल हमखास. दगडावर बसून गातो, बऱ्याचदा दुसऱ्यांच्या नकला करतो, आणि घरटं मात्र जमिनीवर, एखाद्या ठोंबाच्या आडोशाला, वाटीएवढ्या खळग्यात. पाय पडायच्या बेताला येईपर्यंत दिसत नाही. लाव्यांचं तर विचारूच नका. चालता चालता पायाखालून सात-आठ जण फर्रकन उडतात आणि आपलं काळीज त्यांच्याबरोबर. कापशी घार हवेत एका जागी पंख मारत थांबते, मान खाली, आणि दगड पडावा तशी गवतात पडते. तिचं पोट भरतं उंदरांवर, उंदरांचं पोट भरतं दाण्यांवर आणि मुळांवर. नाकतोड्यांवर तर सगळेच टपलेले असतात, अगदी सरड्यापर्यंत. सरड्यावरून आठवलं: गळ्याला रंगीत पंखा असलेले जे सरडे आपल्या माळांवर असतात, त्यांतल्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नवं नाव दिलं, आणि ते नाव आहे चक्क 'सरडा'. मराठी शब्द उचलून लॅटिनमध्ये बसवला. धाकटीने हे सांगितलं तेव्हा मी तिला परत म्हणायला लावलं.

मुंग्यांची वारुळं बघायची असतील तर डिसेंबरात जा. भोकाभोवती भुशाचं गोल रिंगण असतं. दाणे आत, टरफलं बाहेर. खळं म्हणतात ते हे.

पावसाळ्यात युवराज नावाचं पाखरू येतं, काळा कुळकुळीत नर, विटकरी पंख आणि डोक्यावर असा तुरा की नवरदेव वाटावा. गवतावर झुलणाऱ्या काडीवर बसतो. एकदा माझ्यासमोर तो चोचीत हिरवा नाकतोडा धरून बराच वेळ बसला होता, मी हलेना म्हणून घरट्याकडे जाईना. शेवटी मीच वळले.

आणि मनोली. ठिपकेवाली मनोली आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या बोगनवेलीत घरटं करते. डोंगरावरून आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवरून गवताची लांब पाती आणते, तिच्या अंगाच्या तिप्पट लांब, पतंगाच्या शेपटीसारखी उडत. घरटं पडलं एकदा वाऱ्याने, ते मी उचलून दुकानात आणलं आणि उसवून पाहिलं. कारागीर म्हणून सांगते, काम कच्चं आहे. गाठ नाही, टाका नाही, नुसतं कोंबत गेलेली. सुगरण गाठी मारते, शिंपी तर पानाला पान टाचतो, आमच्याच जातीचा. मनोली म्हणजे पिशवीत कपडे कोंबणारी बाई. पण एक गोष्ट: त्या अख्ख्या घरट्यात मला एकही कुसळ सापडलं नाही. पात्यांचा ढीग होता, तुरे होते, कुसळ नाही. पाखरांनासुद्धा कळतं काय टाळायचं.

संध्याकाळी दुकानाच्या ट्यूबलाइटवर एक तपकिरी फुलपाखरू येऊन बसतं, वाळक्या पानासारखं. इव्हनिंग ब्राऊन म्हणतात. अळी असताना ते गवतच खातं. आधी मी त्याला पतंग समजून झाडूने हाकलायची. आता राहू देते.

गेल्या जानेवारीत दुकानात एक धनगरीण आली. हिरवं नऊवारी, कपाळाला भलंमोठं कुंकू, हातात पोराच्या दप्तराची तुटलेली चेन. फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात, भाताच्या मोकळ्या शेतांत मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या तोंडाला परत जातात. तिचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट मुक्काम, तळोज्याच्या बाजूला पडला होता. मी चेन बसवताना दोन वाक्यं बोलले असेन, तर म्हणाली, "कुठल्या वो तुम्ही? बोली आमच्याकडची वाटतीया."

"सुप्याच्या अलीकडची, आक्का."

झालं. स्टुलावर बसली ती तासभर. माझ्या हातातले मोजे बघून आधी खूप हसली. मग तिने सांगितलं की त्यांची माणसं थंडीत मेंढ्या त्या डोंगराला लावत नाहीत. कुसळं लोकरीत शिरतात, लोकरीतून कातड्यात, कधी डोळ्यात. कोकराचा डोळा गेलेला तिने पाहिला होता. आपल्यात म्हण आहे ना, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. ती म्हण करणाऱ्याने कुसळ फार हलकं धरलंय.

"मग वाईटच की हे गवत," मी मुद्दाम म्हटलं.

ती म्हणाली, "वाईट कसं? श्रावणात बघा की. हिरवं हाय तवर लोण्यावानी खात्यात. वाळल्यावं आपून जायचं न्हाई, येवढंच."

आमच्याकडेही तसंच होतं. कुसळी पोटरीत असताना, म्हणजे तुरा बाहेर पडायच्या आधी कापायची, पेंड्या बांधून गंज रचायची. एकदा कुसळं काळी पडली की विळा लावायचा नाही, गुरांच्या तोंडात जखमा होतात. उशिरा कापलेलं गोठ्याच्या छपराला जायचं. तिकडे हवाई बेटांवर याच गवताने घरं शाकारायचे म्हणे, पिली म्हणतात त्याला. मला ते ऐकून आमचा गोठा आठवला, समुद्रकिनारी नेऊन ठेवलेला.

चेनीचे पैसे घेतले नाहीत. ती जाताना म्हणाली, "येकांदं कोकरू आणून देती." आणलं नाही, बरं झालं, ठेवलं असतं कुठे.

आता तक्रार. आमच्या सोसायटीची एक हौशी मंडळी आहे, माणसं चांगली आहेत, हे आधीच सांगते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं की समोरचा डोंगर ओसाड आहे, हिरवा करायचा. सेक्रेटरी काका माझ्याकडे आले, "ताई, रोपं काठीला बांधायला कापडाच्या पट्ट्या लागतील." मी दिल्या. कातरणं असतातच, निळ्या पॉपलिनच्या शंभर पट्ट्या कापून दिल्या. त्या वेळी मला काही बोलायला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी झाड लावायला नको कोणत्या तोंडाने म्हणणार? पाप लागल्यासारखं वाटतं.

जुलैत पन्नास खड्डे खणले, नेमके कुसळीच्या उतारावर. दीड-दीड फूट. ठोंबं उपटून बाजूला फेकली. निम्मी रोपं गिरिपुष्पाची होती, कारण ती फुकट मिळाली आणि लवकर वाढतात. गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं, आपल्याकडे कोकणात त्याला उंदीरमारी म्हणतात. म्हणजे कापशी ज्या उतारावर उंदीर शोधते तिथे नेऊन लावली उंदीरमारी. दोन जोराच्या पावसांत खड्ड्यांची सुटी झालेली माती खाली नाल्यात गेली. जी मुळ्यांनी शिवून ठेवलेली होती, ती आपण उसवून दिली. सुती साडीला मखमलीचं ठिगळ लावायला कोणी आलं तर मी देत नाही लावून, कापड फाटतं. इथे मात्र पट्ट्या माझ्याच.

मार्चमध्ये वणवा लागला. दरवर्षी लागतो. कोणी गंमत म्हणून लावतं, कोणी बिडी टाकतं, कोणी म्हणतं जाळलं की गवत चांगलं येतं. रात्री दुकान बंद करताना त्या फटीतून आगीची रेघ दिसली, हळूहळू वर सरकणारी, केशरी जरीच्या काठासारखी. सुंदर दिसते हो, हेच वाईट आहे. चंडोलाची घरटी नेमकी त्या दिवसांत असतात, जमिनीवर.

इथे कुसळीची बाजू पूर्ण घेता येत नाही, तेही सांगून टाकते. वणव्याने तिचं फारसं बिघडत नाही. बी जमिनीत टोचलेलं, बूड जिवंत, पहिल्या पावसानंतर आठवड्यात हिरवे कोंब. जे मरतं ते दुसरं. पवन्या, मारवेल अशी गुरांना जास्त आवडणारी चांगली गवतं आहेत आपली. सारखं जाळलं, सारखं चारलं की ती मागे पडतात आणि कुसळी पसरते. म्हणजे सगळा उतारच्या उतार कुसळीने भरलेला दिसला तर त्याचा एक अर्थ असाही की आपण तो दरवर्षी जाळतोय. तिच्याशिवाय तिथे उघडा कातळ असता, हे खरं. आणि तिच्याच शेजारी आणखी पाच गवतं असायला हवी होती, हेही खरं. माहेरी सगळी शेजारी शेजारी असायची.

या ऑक्टोबरात एका मंगळवारी मी ते पन्नास खड्डे बघायला गेले. पाच-सहा रोपं जगली आहेत, खाली नाल्याच्या बाजूची, जिथे माती आहे. बाकी नुसत्या काठ्या, आणि काठ्यांना माझ्या निळ्या पट्ट्या, उन्हाने विटून पांढऱ्या पडलेल्या. एका काठीवर चंडोल बसून गात होता. खड्ड्यांच्या कडेने कुसळी परत आली होती, अजून हिरवट, शेपट्या नुकत्या काळ्या पडायला लागलेल्या, एकमेकींत गुंतून वेण्या झालेल्या. खाली उतरले तेव्हा सलवारीच्या दोन्ही पायांना मिळून एकोणीस निघाली.

परवाच्या सोमवारी सेक्रेटरी काका आले. येत्या जूनच्या लागवडीबद्दल बोलायला. मी म्हटलं, काका, नाल्याकाठी लावा, रस्त्याच्या कडेला लावा, करंज लावा, मी पट्ट्या देते. उतार तेवढा सोडा. वणवा अडावा म्हणून गवत काढून मोकळी पट्टी ठेवतात ना, ती जाळरेषा काढायला माणसं जमवा, मीही येते. ते म्हणाले, "पण ताई, तिथे तर नुसतं गवत आहे." मी डोंगराकडे बोट दाखवून माहेरच्या चिंकाऱ्यापासून सुरू केलं. माझं कापशीपर्यंत आलं तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं, मान हलवली आणि म्हणाले मीटिंगमध्ये ठेवतो.

मग पिशवीतून मोजे काढले. रविवारी नातवाला घेऊन वर गेले होते. करड्या लोकरीचे, जाड. दोन वेळा मशीनला लावलेले.

पाऊण तास लागला. तीस रुपये घेतले.